श्वास घेणारी कबर आणि लाल दोरा

गुरुवारी दुपारी आमच्या कबरस्तानात मुंगी शिरायला जागा नव्हती. कडेगावकडून टेंपो भरभरून माणसं येत होती, कारण कोपऱ्यातली एक जुनी कबर श्वास घ्यायला लागली होती. हिरवी चादर हळूच वर जायची, हळूच खाली यायची. "या अल्ला!" म्हणत म्हातारे डोळे पुसत होते. "देवा, वाचीव रं!" म्हणत धोंडुबाई लोटांगण घालत होती. वेडेपणात आमचं गाव जातधर्म बघत नाही.

कबरीच्या उशाला, जाड गादीवर मांडी ठोकून नूरबाबा बसलेला. हा गडी पूर्वी साताऱ्याच्या स्टँडवर ग्रहांच्या अंगठ्या विकायचा. "हे पैलवान शाह! वाघाशी झोंबी खेळले! सातशे वर्सं निजलेले, माज्या एका हाकंला जागं झाले!"

सातशे वर्षांची झोप आणि ह्याच्या घोगऱ्या आवाजानं मोडली! फारच सावध झोप म्हणायची पीरसाहेबांची.

मी मोहिद्दीन, फौजेतून निवृत्त झालेला. शालूबाई, निवृत्त शिक्षिका. आम्ही दोघं गावाचं इतिहास मंडळ चालवतो. जुन्या कबरी, समाध्या धुऊन काढायच्या, कोण कुठं पुरलंय ते शोधून लिहून ठेवायचं. गाव आम्हाला 'मुडद्यांची कमिटी' म्हणतं. म्हणू दे. त्या दिवशी मात्र मी शालूबाईंना घेऊन जित्या माणसासाठी आलो होतो.

कबरीभोवतीच्या कठड्याला माझी भाची रुमाना बांधलेली होती. मनगटाला एक लाल दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक कठड्याला, बस्स. तिला फिट येतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी चांगली सावरली होती. पण बाबा म्हणाला, हिला जिन लागलाय. गोळ्या बंद करा. पीराचा श्वास थांबला की जिन सुटला, तोवर रोज इथं बांधा. आता श्वास काही थांबेना, आणि पोरगी काही सुटेना. परवा चुलीपाशी पडून हात भाजून घेतला. पुढच्या खेपेला जीवच गेला असता.

"तौसीफ, तिला गोळ्या दे," मी तिच्या नवऱ्याला म्हणालो.

"मामू, मला काय कळत न्हाई व्हय? पर दोरा तोडला तर घरातलं एक मानूस जातंय, असं बाबा म्हनत्यात. घरात अम्मी हाय, पोरगं हाय. कुनाला घालवू, सांगा."

बिचाऱ्याच्या मनगटाला दोरा नव्हता, तरी तोही बांधलेलाच होता. मला बाबाचा असा राग आला, की मूठ वळली. पण एवढ्या गर्दीत चादरीला हात घातला असता, तर लोकांनी मलाच तिथं पुरलं असतं.

तेवढ्यात रुमाना हळूच म्हणाली, "मामू, लग्नाआधी मी न् शालूबाईंनी ही कबर धुतलीया. हिला कलमदान न्हाई."

शालूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं व्हय की! मग मोठ्यानं बोल, पोरी. वर्गात बोलायचीस तशी."

रुमाना बाबाकडं वळली. "बाबा, पीरसाहेब बाप्या व्हते का बाई?"

"बाप्या! मर्द गडी! हाताएवढी मिशी!"

"मग कबरीवर कलमदान का न्हाई? चादरीखाली सपाट तख्ती हाय. ही कुना बाईची कबर हाय."

म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. आमच्याकडं जुन्या दगडी कबरींवर पुरुषाला उंचवट्याचं कलमदान आणि बाईला सपाट तख्ती असते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

बाबा ताडकन उभा राहिला. "जिन बोलतोय तिच्या तोंडनं! चादर उचलंल त्याचे डोळे जातील!"

दोन्ही हात वर करून तो गरजला खरा, पण चादर गप्प पडली.

"अगं बाई! बाबा उठले न् पीराचा श्वास बंद?" शालूबाई म्हणाल्या.

बाबा धप्पकन बसला. चादर वर आली.

"आवं बाबा, परत उठा बघू."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच ओरडायला लागले, "उठा की, बाबा! उठा!" बाबा गादीला असा चिकटला, की हलेना.

तौसीफ पुढं झाला. डोळे गच्च मिटून त्यानं चादर ओढली. खाली फुटबॉलचा ब्लॅडर निघाला. त्याची नळी गादीखाली गेलेली, आणि तिच्या टोकाला ब्लडप्रेशरच्या मशीनचा रबरी फुगा. बाबा गुडघ्यानं तो दाबत होता. ब्लॅडरखाली सपाट, स्वच्छ तख्ती. तौसीफनं भीत भीत डोळे उघडले. दोन्ही शाबूत होते. तो ढसाढसा रडायला लागला.

आणि आता ऐका. एवढं उघडं पडल्यावर धोंडुबाई काय म्हणाली? "बाबा, श्वास थांबला न्हवं? आता सोडा की पोरीला!"

सगळी गर्दी पुन्हा बाबाच्याच तोंडाकडं बघायला लागली.

लोकहो, फिट हा मेंदूचा आजार आहे, तो औषधानं आटोक्यात राहतो. चमत्कार दिसला की आधी चादर उचला, मग हात जोडायचे का ते ठरवा. कबरीत निजलेल्या त्या बाईचं नाव आम्ही शोधतोच आहोत. पण जित्या बाईला कुणी सोडायचं?

रुमाना कुणासाठी थांबली नाही. तिनं हाताला एक हिसका दिला, दोरा तटकन तुटला. आमच्या गावात ऊस तोडायचा कोयता घराघरात आहे, आणि एवढा एक दोरा कुणाच्यानं तुटला नव्हता.