लेफ्टेरिसची रेघ

टॅमसिनने नळी उजेडात धरून हलकेच तिरकी केली. आतल्या गढूळ पाण्यात धुरासारखी चकाकी फिरली. म्हणजे प्लेटलेट्स धड होत्या. सकाळी रक्त काढल्यापासून ती त्यांच्याच तैनातीत होती: संथ फिरवून वरचा पिवळसर थर काढायचा, पुन्हा फिरवून तळाशी बसलेला पांढरा ठिपका स्वच्छ द्रावणात मोकळा करायचा, मग कोमट पाण्यात विसावू द्यायचं. जात भारी मानी. जरा धक्का लागला की रुसतात आणि चाचणीआधीच गुठळ्या धरून बसतात.

तिने नळी यंत्रात ठेवली आणि गुठळी धरायला लावणाऱ्या रसायनाचा थेंब सोडला. हा थेंब पडला की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, पाणी निवळतं, प्रकाश पार जातो आणि पडद्यावरची रेघ चढते.

रेघ आडवीच राहिली.

"आज झोपली वाटतं माझी रेघ," मागून लेफ्टेरिस म्हणाला.

दर महिन्याला रक्त द्यायला येणारा हा म्हातारा आपली रेघ बघितल्याशिवाय घरी जात नसे. भाऊ पायातल्या गुठळीने गेल्यापासून त्याने हे व्रतच घेतलं होतं. बायको स्टामातिया त्याच्यासोबत यायची आणि मांडीवर पर्स धरून कोपऱ्यात बसायची. त्याची सगळ्यात देखणी रेघ टॅमसिनने चौकटीत घालून भिंतीवर लावली होती. नवं औषध घातल्यावर ती रेघ जेमतेम उठली होती. हे औषध एकट्याच्या बळावर गुठळी थोपवतं, हे तिच्या प्रबंधाचं म्हणणं त्या रेघेवर उभं होतं. आजची चाचणी, नवं औषध न घालता वेगळा थेंब टाकून पाहण्याची, गाइड मरीनाबाईंनी जाता जाता सांगितलेली, प्रबंध देण्याआधीची शेवटची खातरजमा.

टॅमसिनने दुसऱ्या नळीत दुसरं, जहाल रसायन टाकलं. रेघ तरतरून चढली. म्हणजे धुण्यात खोट नव्हती. पहिल्याला दाद नाही आणि दुसऱ्याला आहे, याचा अर्थ तिला पाठ होता: रक्तात अ‍ॅस्पिरिन, आणि तीही गुठळी रोखतेच.

"लेफ्टेरिस, तुम्ही अ‍ॅस्पिरिन घेतली होती का? डोकंबिकं दुखलं म्हणून?"

"मी? दर वेळी विचारतेस, दर वेळी नाही म्हणतो. माझा भाऊ खिसाभर गोळ्या खाऊनही मेला, पोरी. मी गोळीला शिवत नाही. विचार हिला."

स्टामातियाने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"गाडी हलवून या," ती म्हणाली. "वेळ संपत आलीय तिथली. दंड लावतील."

तो कुरकुरत गेला. दार लागेपर्यंत ती थांबली.

"गोळी तो खात नाही. कॉफी पितो," ती म्हणाली. "सकाळची कॉफी मी करते. डॉक्टर म्हणाला, रोज एक, नाहीतर हृदय दगा देईल. याने चिठ्ठी फाडली. मग मी काय करायचं होतं?"

"केव्हापासून?"

"तुझ्याकडे यायला लागला त्याच्या आधीपासून. त्याला कळलं तर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. कुणाला सांगू नकोस. तुझ्या त्या बाईंनाही नको. माझ्या गळ्याची शपथ."

टॅमसिनला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच तिला लाज वाटली. भिंतीवरच्या रेघेत निम्मं काम स्टामातियाच्या कॉफीने केलं होतं. ते आता दोघींनाच ठाऊक. म्हातारीचा शब्द पाळला की प्रबंधही वाचत होता. गप्प बसायला इतकं सभ्य कारण तिला पुन्हा मिळालं नसतं. बोलावं तर म्हाताऱ्याची कॉफी सुटणार. खोलीला एकच दार होतं आणि त्यातून लेफ्टेरिस परत येत होता.

"काय ठरलं? नापास का मी?"

स्टामातियाने पर्सचा पट्टा मुठीत आवळला.

"तुमच्या रक्ताला नावं ठेवायला जागा नाही," टॅमसिन म्हणाली. "माझंच चुकलं."

"आज चुकलं असेल." त्याने भिंतीकडे बोट केलं. "ती काढलीस तेव्हा कुठे चुकली होतीस?"

टॅमसिनने चौकट खिळ्यावरून उतरवली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"तेव्हाही चुकलेच होते. आज मरीनाबाईंना तेच सांगणार आहे. माझं चुकलं, एवढंच."

लेफ्टेरिस रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला आणि दुसऱ्या बाहीचं बटण काढू लागला.

"एवढं तोंड पाडायला काय झालं? हा हात आहे की अजून. घे, नव्याने कर."

त्याने बाही कोपरापर्यंत सारली आणि हात तिच्यापुढे धरला. स्टामातिया मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत होती.