अकरा जणांचं पिठलं

पारनेरहून सुटलेली सर्व्हिस मोटार नगरला पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं, आणि आत्यानं अजून हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. वाटभर पुष्पावती तिच्या तोंडाकडे बघून दमली.

नगरला नवं कॉलेज निघालं होतं. पुष्पावती मॅट्रिक झाली होती आणि तिला तिथं सायन्सला जायचं होतं. वडिलांनी, भिमाजीरावांनी, सगळं आपल्या थोरल्या बहिणीवर सोडलं होतं. "आक्का तिथं एक रात्र राहून बघंल. पोरीच्या खाण्या-राहण्याची सोय तिला पटली तर ठीक. न्हाई तर दोघी उद्याच्या मोटारीनं माघारी." आक्काबाई विधवा होऊन माहेरी आली तेव्हापासून घरची चूल तिच्या ताब्यात होती, आणि चुलीजवळ ठरलेलं ओसरीवर कुणी फिरवत नसे.

"त्या सायनमधी शिकवत्यात तरी काय?" मोटारीतून उतरताना आत्यानं विचारलं.

"पाण्याचं भांडं उकळायच्या आधी गुणगुणतं ना, आत्या? ते का, असलं."

"गुणगुणंना का. तुझं काय घेतंय?"

कॉलेजात मुलींच्या राहण्याची व्यवस्था अजून झाली नव्हती. म्हणून दोघी आधी बाजारातल्या खाणावळीत गेल्या. पाटांवर पुरुषांची पंगत बसली होती. मालक अदबीनं पुढं आला. बायकांची पंगत आम्ही ठेवत नाही, डबा देऊ, पण पोरीचं रेशनकार्ड आधी जमा करावं लागेल, म्हणाला.

आत्यानं पंगतीवरून एकदा नजर फिरवली. "चल पुष्पे. मिशी असल्याबिगर हितं जेवाया मिळत न्हाई."

धर्मशाळेची ओसरी झाडलेली होती, आडाला पाणीही भरपूर होतं. आत्या जरा निवळली. पण तीन दिवसांवर कुणाला राहू देत नाही, असं तिथला दिवाणजी म्हणाला.

"तीन दिसात उरकंल का गं तुझं सायन?"

पुष्पावतीला हसू आलं. कॉलेजातल्या कारकुनानं एकच पत्ता दिला होता, तो उरला. मरियाबाई साळवे, शाळेत शिक्षिका. एकट्या राहत आणि मागची खोली मुलींना देत. राहाता गावची दीना आदल्याच दिवशी तिथं येऊन उतरली होती, तीही सायन्सलाच.

दारातून आतल्या भिंतीवरचा क्रूस दिसला आणि आत्या उंबऱ्याबाहेरच थांबली.

"किरिस्तावाचं घर हाय," ती हळूच म्हणाली. झालं, पुष्पावतीला वाटलं.

मरियाबाईंनी ऐकलं होतं. त्या आत गेल्या आणि सुपात शिधा घेऊन आल्या: ज्वारीचं पीठ, बेसन, कांदे, मिरच्या. "माझ्या हातचं खा म्हणत नाही, आक्का. अंगणात तीन दगड मांडलेत. पाणी तुमचं तुम्ही शेंदा. पण माझ्या दारातून उपाशी जाऊ नका."

आत्यानं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. रेशनचं, भरड. आठवडाभर पुरवायचं पीठ बाईनं अर्धंअधिक काढून दिलं होतं. परत करावं तर दिलेल्या शिध्याचा अपमान, संपवावं तर ही जेवणार काय? आत्यानं आपलं गाठोडं सोडलं, घरचं पांढरं पीठ त्यातल्याच परातीत ओतलं आणि त्यावर मरियाबाईंचं. दोन्ही कालवून टाकलं.

चूल पेटली आणि आत्याचे हात घरी गेले. घरी खाणारी तोंडं अकरा. कांदा त्या मापानं चिरला गेला, बेसन त्या मापानं कालवलं गेलं, आणि बरोबर आणलेल्या दोघींपुरत्या पातेल्यात फोडणीच मावेना.

"आगं, मोठं पातेलं आण की! बघत काय बसलीस?" मान वर न करता आत्या ओरडली. घरी असंच ती भावजयीवर ओरडत असे.

मरियाबाई धावत आत गेल्या आणि पातेलं घेऊन आल्या. पुष्पावतीनं बघितलं. दीनानंही बघितलं आणि पदर तोंडावर धरला.

पिठलं रटरटलं, भाकऱ्यांची चळत उभी राहिली. उतरवताना आत्याची नजर पातेल्याच्या काठावर गेली. काठावर घरचं नाव कोरलेलं नव्हतं; पातेलं आपलं नाही हे तिला कळलं.

"पुष्पे, ह्ये कुनाचं?"

"तुम्हीच मागितलंत, आक्का," मरियाबाई म्हणाल्या.

आत्या पिठल्याकडे बघत राहिली, मग भाकऱ्यांच्या चळतीकडे. आणि एकाएकी पदर सावरत खदाखदा हसायला लागली. "आगं बया! अकरा जनांचं केलं की! आता ह्ये काय गुरांना घालायचं? बसा समद्या. मास्तरीनबाई, तुमी बी बसा. लाजताय काय?"

सगळ्या बसल्या. मोटारीत एक घासही न खाल्लेल्या पुष्पावतीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. दीनानं तर चौथी मागून घेतली. आत्या घरच्यासारखी वाढत राहिली, आणि शेवटी स्वतः बसली तेव्हा टोपलीत भाकरी नव्हती.

"उठू नका," मरियाबाई म्हणाल्या. परातीत कालवलेल्यातलं ओंजळभर पीठ उरलं होतं. त्यांनी ते मळलं आणि भाकरी थापली. पुष्पावती आत्याकडे बघू लागली. भाकरी फुगली, ताटात पडली. आत्यानं ती उलटीपालटी करून पाहिली.

"कडंला जाड हाय," ती म्हणाली, आणि पिठल्याबरोबर सगळी खाल्ली. "चार दिसांत पातळ जमंल. ह्या पोरी शिकवतील तुमाला."

पुष्पावतीनं चटकन मान वर केली. ह्या पोरी. एक नव्हे, दोघी. म्हणजे तिनंही इथंच राहायचं.

भांड्यांसाठी निखाऱ्यावर पाणी ठेवलं होतं. ते बारीक सुरात गुणगुणायला लागलं.

"हे बघ, मी म्हणत होते ते," पुष्पावती म्हणाली. "दीना, तुला माहीत आहे का हे का होतं?"

"नाही गं. कॉलेजात पहिल्यांदा हेच विचारू."

"इचारा," आत्या म्हणाली आणि चुलीकडे सरकून ऐकू लागली. "आन् कळलं की मला बी कळवा. जन्मभर ऐकतीया मी."