गौरम्मांच्या पायावरची पट्टी

मित्रांनो, मी एक पांढरी, सच्छिद्र पट्टी आहे. आता जुनी झाले आहे आणि थोडीशीच उरले आहे. माझा जन्म माशाच्या कातडीतून झाला. कारखान्यात ती धुऊन, शुद्ध करून, वाळवून मला घडवले आणि पाकिटात बंद केले.

सोलापूरच्या एका दवाखान्यात डॉक्टर इंद्रायणींनी ते पाकीट फोडले. समोर दुधनी गावच्या गौरम्मा होत्या. मोटारसायकलच्या सायलेन्सरने त्यांची पोटरी भाजली होती आणि मधुमेहामुळे जखम महिनोन्महिने भरत नव्हती.

मी कशाची आहे, हे डॉक्टरांनी गौरम्मांच्या मुलाला, प्रभुला, आधीच सांगितले होते. "तुम्ही लिंगायत, तुमच्याकडे मासे चालत नाहीत ना? आईंना विचारा. त्या नको म्हणाल्या तर दुसरे उपाय आहेत, फक्त वेळ लागेल." प्रभुने मान डोलावली. पण आई नकार देईल आणि पाय जाईल, या धास्तीने तो तिला एवढेच म्हणाला, "अव्वा, औषधाचा कापूस हाय."

मी जखमेवर टेकले मात्र, गौरम्मांच्या रक्तातल्या रक्षक पेशी धावून आल्या. त्यांनी मला चाचपले, कुरतडले. मी परकी आहे हे लगेच ओळखले. इतके महिने त्या तिथे नुसत्या लढत राहिल्या होत्या. लढाई थांबवायची कधी, हेच विसरल्या होत्या. माझ्या छिद्रांत त्यांना शिरायला जागा मिळाली. हळूहळू त्यांचा राग निवळला. मग त्याच पेशी नवे मांस घडवणाऱ्यांना हाका मारू लागल्या. बारीक रक्तवाहिन्या माझ्यातून वाट काढू लागल्या. मी झिजत गेले आणि जखम भरत गेली.

"लई गुणाचं औषध हाय बग," गौरम्मा म्हणायच्या. रोज गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन त्या पूजेला बसत, तेव्हा प्रभु उठून बाहेर जाई. मलाही चोरून घरात शिरल्यासारखे वाटे. त्यांच्या पेशींनी मला तपासून घेतले होते. गौरम्मांना मात्र कोणी विचारलेच नव्हते.

जखमेची कड भरायची उरली, म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या पट्टीसाठी बोलावले. दवाखान्याच्या बाकावर प्रभुला राहवेना.

"अव्वा, ती पट्टी माशाच्या कातड्याची हाय. तू नको म्हनशील म्हनून बोललो न्हाय."

गौरम्मांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला.

"पाय कुनाचा रं?"

"तुजा."

"मग मला इचारायचं की. पाय वाचवलास, आन मला मोजलंच न्हाईस."

प्रभु रडू लागला. त्यांनी त्याला जवळ घेतले नाही. भिंतीला धरून त्या आत गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "लावलीया ती ऱ्हाऊ द्या. दुसरी नको. येळ लागंल तर लागू द्या."

साध्या मलमपट्टीने कड भरायला दिवाळी उजाडली. तोवर प्रभु रोज मलमपट्टी बदलायला पायाशी बसे. "अव्वा, सोडू का?" असे विचारी आणि ती 'व्हय' म्हणेपर्यंत हात लावत नसे.

मित्रांनो, कोणाची सेवा कराल तेव्हा औषधाच्या आधी त्या माणसाचा होकार घ्या. मलाही तो मिळाला. पण तोवर मी निम्मी त्यांच्यात मुरले होते.