अकरा वर्षांचा स्प्रिंट

सासूबाईंना "स्प्रिंट" हा शब्द काही केल्या पटत नव्हता. "धावणंच ना ते? मग पंधरा-पंधरा दिवस कोण धावतं गं? धाप नाही लागत?"

"धावायचं नसतं हो, आई. कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला मुदत. ती संपली की शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना काम दाखवायचं," सुनेने समजावलं.

त्या शुक्रवारच्या संध्याकाळीच तर घोडं अडलं होतं. वर्षाच्या लेकीला, ठकीला, स्वतः अंघोळ घालायची तिची वेळ तेव्हाची. टबात पाय आपटत ती अशी खिदळायची, की आईचा आठवडाभराचा शीण त्या पाण्यातच विरघळायचा. आणि साहेबांनी, ज्यांना ऑफिसात पाठीमागे सगळे घड्याळराव म्हणत, स्प्रिंट आठवड्याचा करायचं मनावर घेतलं होतं. म्हणजे एकूण एक शुक्रवार गेला! दोन आठवड्यांचाच राहिला, तर निदान एकाआड एक तरी मायलेकींचा.

बैठक घरूनच होती. तिची स्क्रीन सगळ्यांपुढे, ठकी मांडीवर.

"सर, दोनच ठेवू या ना. आठवड्यात नुसत्या बैठका होतील, काम कधी करायचं?"

"आठवडा म्हणजे आठवडा. लावा बघू."

नाइलाजाने तिने मुदतीचा रकाना उघडला. एक आठवडा, दोन, तीन, चार आणि तळाशी "स्वतः ठरवा". तेवढ्यात ठकीने दोन्ही पंजे कीबोर्डवर धाडकन आपटले.

टिंग! सगळ्यांच्या फोनवर एकदमच आलं: स्प्रिंट सुरू. शेवट अकरा वर्षांनी.

सगळ्यांच्या चुका शोधणारा टेस्टर फिस्सकन हसला. "सर, लिहिलंच होतं की, स्वतः ठरवा. ठरवलं तिने!"

"अकरा वर्षं? तोवर ठकीच येऊन तुझ्या चुका काढेल," डिझायनर म्हणाली. "दहा करा, सर!"

"दहा फार होतात!" हसू आवरता आवरता घड्याळरावही रंगात आले. "खाली या, खाली या!"

"पाच!"

"छे!"

"एक वर्ष!"

"परवडत नाही!"

"महिना घ्या, सर! तुमच्यासाठी म्हणून!"

"अजून कमी!"

"तीन आठवडे!"

"दोन!" घड्याळरावांनी टेबलावर थाप मारली. "दोन आठवडे, याउपर एक दिवस मिळणार नाही!"

मग घड्याळराव एकदम भानावर आले.

"अरे, पण मी तर एकच आठवडा..."

"लावलं, सर," ती घाईघाईने म्हणाली. बोट केव्हाच बटणावरून उठलं होतं.

"लबाड आहात सगळे!" चष्मा काढून डोळे पुसत घड्याळराव म्हणाले. "आणि सगळ्यात लबाड ती मांडीवरची. ठेवा दोन!"

सासूबाई दारातून डोकावल्या. "संपलं का गं धावणं?"

"या शुक्रवारी नाही धावायचं, आई. या शुक्रवारी फक्त भिजायचं!"

ठकीने पुन्हा पंजा उगारला. तिच्या आईने झटकन लॅपटॉप मिटला आणि त्या गुबगुबीत, गुन्हेगार पंजाचे पटापट मुके घेतले.