ताठ मानेचा चष्मा

मी चष्मा बोलतोय, आणि रागावून बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर सदऱ्याच्या टोकाने पुसून बाजूला ठेवा. तेवढंच येतं तुम्हाला.

मी साधासुधा नाही, प्रोग्रेसिव्ह आहे. माझ्या काचेवर आडवी रेघ नाही. वरच्या भागातून लांबचं दिसतं, मधून हातभर अंतरावरचं आणि खालून अगदी जवळचं. कडेने धूसर असतं, म्हणून बाजूला बघताना नुसते डोळे नाही, मान वळवायची. पण माझी जागा बुबुळांसमोर नेमकी बसली पाहिजे. जरा वरखाली झाली की माझं सगळं शहाणपण पाण्यात.

माझा मालक न्हावी. त्याला तिन्ही अंतरं लागतात: बाकावरचं गिऱ्हाईक, समोरचा आरसा आणि वस्तऱ्याखालचा गळा. मी जणू त्याच्यासाठीच होतो. आणि मापाच्या दिवशी या गृहस्थाने काय केलं? जन्मभर दुसऱ्यांना 'मान सैल सोडा' म्हणणारा हा माणूस फोटोला बसल्यासारखा हनुवटी वर करून बसला. चष्मेवाल्याने खांद्याने फोन कानाशी दाबून तशाच मानेवर काचेवर बुबुळांच्या जागेचे ठिपके दिले. त्या ठिपक्यांवरून मी घडलो, म्हणजे नको तितका खाली बसलो.

सलूनमध्ये मान नेहमीसारखी सैल झाली आणि आरसा धूसर झाला. गिऱ्हाइकावर वाकला की गळाही धूसर. मग हा कोंबड्यासारखी मान वर करून दाढ्या करू लागला. बाकावरची माणसं हसायची, खुर्चीत बसली की गप्प व्हायची. तक्रार घेऊन गेला, तर चष्मेवाला म्हणे, काका, वयाचं आहे, होईल सवय. ठिपके पुन्हा तपासायचे कष्ट त्याने घेतले नाहीत.

मग एका जुन्या मित्राच्या कानाखाली रक्त आलं. मित्र पुन्हा आलाच नाही. मालकाची लेक त्याच सलूनमध्ये काम करते. तिने वस्तरा काढून घेतला.

"बाबा, तुमचा हात राहिला नाही आता. बाकावर बसा."

तो बसला. हात ठणठणीत होता. मी नाकावर बसून जळफळत होतो, पण चष्म्याला विचारतो कोण?

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लेकीने त्याला दाढीला बसवलं. मला काढायला तो तयार होईना. पोरगी वस्तरा कसा धरते ते त्याला बघायचं होतं. पुन्हा ताठ बसला. आरशात चेहरा लख्ख.

"बाबा, मान सैल सोडा."

त्याने सोडली. चेहरा धूसर. ताठ केली, लख्ख. पुन्हा सोडली. साबण वाळायला लागला तरी त्याचं तेच चाललेलं.

"काय करताय?"

"मापाला असाच बसलो होतो मी," तो म्हणाला. "माझा हात नाही गेला. चष्मा चुकलाय."

चष्मा चुकलाय म्हणे. ताठ कोण बसलं होतं? फोनवर कोण होतं? हात गेला असं ठरवून कोण मोकळं झालं?

लेकीने वस्तरा पुसला, मिटला आणि बापाच्या तळहातावर ठेवला.

आज त्याने नवं माप दिलं, मान सैल सोडून. नव्या काचा आल्या की मी कचऱ्यात, कारण घडलेल्या काचेची जागा हलवता येत नाही. तुम्ही तरी मापाला बसाल तेव्हा रोज बसता तसे बसा, आणि समोरच्याला आधी फोन ठेवायला सांगा. मालकाला त्याचा वस्तरा मिळाला, चांगलं झालं. पण 'चुकलं आमचं' असं मला अजून कोणी म्हटलेलं नाही.