जागा कुणी अडवली ते मी सांगतो

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे आणि खरे सांगायचे तर चिडलेला आहे. कारखान्यातून थर्माकोलमध्ये गुंडाळून मी नांदेडच्या दुकानात आलो आणि तिथून एस.टी.ने उदगीरच्या एका रक्तपेढीत. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या आणि इथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बुद्धप्रिया मॅडमनी मला सर्व्हरशेजारी बसवले.

सर्व्हर म्हणजे इथला मोठा कॉम्प्युटर. कुठली पिशवी कुठल्या गटाची, तिची तपासणी झाली की नाही, हे सगळे त्याच्या पोटात. टेबलांवरचे कॉम्प्युटर त्याला विचारायला येतात. त्याच्याकडे जागा मोजक्या. विचारून झाले की उठायचे, दुसऱ्याला बसू द्यायचे. आत कोण बसले आहे आणि कोण नुसतेच बसले आहे, हे दाखवणे माझे काम. जागा संपल्या की मी लाल होतो.

सुरुवातीला माझे केवढे कौतुक! पेढीचे प्रमुख वीरभद्र सर पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवत. पुढे म्हणाले, "डोळ्यावर उजेड येतो," आणि माझे तोंड भिंतीकडे केले. मी रोज भिंतीला सगळे इमानेइतबारे सांगत राहिलो. भिंत काय करणार?

तुम्हाला आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. एस.टी. लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा आणि जागा धरायची. इथेही तेच. काउंटरवरच्या दीपमालाताई सकाळी येताच प्रत्येक टेबलावर प्रोग्रॅम उघडून ठेवत. "दुपारी गर्दीत जागा मिळत न्हाई," म्हणत. बाकीचेही तसेच करत आणि चहाला जात. अहो, सगळ्यांनी जागा धरल्या म्हणूनच तर जागा मिळत नव्हती! हे मी ओरडून सांगितले असते, पण देवाने मला तोंड दिले ते नुसते दाखवायचे.

एके दुपारी देवणीच्या कमलम्मा धापा टाकत आल्या. त्यांची सून शिवकन्या बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरांनी ओ निगेटिव्ह रक्त मागवले होते. फ्रिजमध्ये त्या गटाची एकच पिशवी होती. नेमकी तेव्हाच काउंटरची लाईट गेली आणि आली. दीपमालाताईंचा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण तेवढ्यात त्याची जागा दुसऱ्या कुणी धरली होती आणि सर्व्हर त्यांना आत घेईना; पिशवीची नोंद तर त्याच कॉम्प्युटरवर दिसे.

"आगं माय, पिशवी समोर दिसून राहिली, अन् देत का न्हाईस?" कमलम्मा रडकुंडीला आल्या. "पोरगी तिकडं पांढरीफट पडलीया!"

"अम्मा, तपासलेली हाय का न्हाई, ते कळल्याबिगर कसं देऊ? त्यानंच जीव जायचा एखाद्याचा!" दीपमालाताई पुन्हा पुन्हा बटणे दाबत होत्या.

वीरभद्र सरांनी बुद्धप्रिया मॅडमना फोन लावला.

"मॉनिटर काय दाखवून राहिलाय, सर?"

"त्याचं तोंड भिंतीकडं हाय."

"मग फिरवा की!"

फिरवला एकदाचा. मी लालभडक झालो होतो. नावापुढे नाव आणि प्रत्येकापुढे 'रिकामा', म्हणजे नुसताच बसलेला. निम्म्या जागांवर एकच नाव होते.

"ह्या तर समद्या माझ्याच हायती!" दीपमालाताई ओरडल्या. मग टेबलामागून टेबल धावत सुटल्या आणि उघडे प्रोग्रॅम बंद करू लागल्या. सरही आपल्या केबिनकडे पळाले. सर्व्हरने दार उघडले. पिशवी तपासलेली होती. कमलम्मांनी पिशवी ठेवलेला बर्फाचा डबा उराशी धरला आणि त्या धावत निघाल्या. शिवकन्या वाचेल का, हे मला कोण सांगणार? मी नुसता जळत बसलो.

आज कमलम्मा पेढे घेऊन आल्या. मायलेकी सुखरूप आहेत. ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

दीपमालाताईंनी माझ्यापुढे पेढा ठेवला आणि मला झेंडूचा भलामोठा हार घातला. "देवावाणी धावून आला," म्हणत सरांनी हात जोडले. हार असा काही लटकला की माझा पडदाच झाकला गेला. मग ताई वळल्या आणि एकेका टेबलावर प्रोग्रॅम उघडत निघाल्या. पालथ्या घड्यावर पाणी!

मित्रांनो, मला हार नको, पेढा नको. आपले काम झाले की उठत जा, मागे कुणाची तरी सून अडलेली असते. आणि जाताना एकदा माझ्याकडे बघत जा. आत्ताही या झेंडूमागे मी लाल झालो आहे.