बर्फाच्या लग्नात बोलायला बंदी

मुभा

"तू सोडून कुणीही चालेल," आपो तकी, म्हणजे गावाचे तकीआजोबा, म्हणाले.

चुंगोस गावच्या मशिदीमागे, उन्हाच्या पट्ट्यात, गावातली पोरं-पोरी ओझी वाटून घेत बसली होती. सफदरनं वर केलेला हात तसाच ठेवला.

"का, आपो? माझे पाय काय उसने आणलेत?"

"पायांबद्दल कोण बोलतंय? मी तोंडाबद्दल बोलतोय."

सगळे खदखदून हसले. पोलोच्या मैदानावर कर्णा घेऊन धावतं वर्णन करायचं काम सफदरचं. खेळ थांबला तरी सफदर थांबत नसे. एकदा मध्यंतरात घोडे पाणी प्यायला गेले, तर त्यानं घोड्यांच्या पाणी पिण्याचंच वर्णन लावलं. कोण पुढे, कोण मागे, कोणी नाक बुडवलं. लोक घरी जायचे थांबून ऐकत बसले.

पण हे काम वेगळं होतं. डोंगरावरचा बर्फ दरवर्षी मागे सरत होता. ऐन पेरणीला झरा कोरडा पडत होता. खालची शेतं पडीक झाली, जर्दाळूची झाडं उभ्या उभ्या वाळली, काही घरांना कुलपं लागून माणसं स्कर्दू शहराला गेली. सफदरची आशे, म्हणजे थोरली बहीण कनीज, तिथंच कॉलेजात होती. सुट्टीत आली ती मैत्रिणींना घेऊन, आणि थेट आपो तकींच्या पुढ्यात बसली. तरुणपणी बर्फाचं लग्न लावलेला गावातला एवढा एकच माणूस उरला होता.

लग्न म्हणजे लग्नच. चुंगोसच्या माथ्यावरचा बर्फ दगडमातीनं काळा पडलेला, आळशी, पाणी न सोडणारा. तो नवरा. शेजारच्या मारफी गावाचा निळा, झुळझुळणारा. ती नवरी. दोघांना पाठीवरच्या टोपल्यांतून उंचावरच्या गुहेत न्यायचं, जिथं ऊन पोचत नाही. कोळसा आणि भूस घालून पुरायचं. जमलं तर काही वर्षांनी तिथं नवा बर्फ धरतो आणि झऱ्याला पाणी येतं. अट दोन गोष्टींची: पाठीवर चढवलेलं ओझं जमिनीला टेकवायचं नाही, आणि गुहेचं तोंड बंद होईपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. एक शब्द गेला की सगळं वाया.

"मग 'कबूल' कोण म्हणणार?" सफदरनं विचारलं. "नवरा मुका, नवरी मुकी, वऱ्हाड मुकं!"

"बघा, ह्याचं सुरू झालं," कनीज म्हणाली.

तिला स्वतःला मुलीकडून जायचं होतं. आजवर ओझी पुरुषच नेत आलेले. "नवरीला एकटीला पुरुषांबरोबर पाठवायची? तुमच्या घरात असं चालतं का?" असं तिनं मारफीच्या म्हाताऱ्यांना विचारलं आणि ते तयार झाले. पाण्यावरून दोन्ही गावांचं आजोबांपासूनचं वाकडं. तरी मारफीनं नवरी द्यायचं कबूल केलं. झरा त्यांचाही आटतच होता.

मग निघायच्या आदल्या दिवशी टोपली नेणारा हसन सरपण तोडताना झाडावरून पडला आणि पाय धरून बसला. एक टोपली रिकामी राहिली. बर्फ तर खणून तयार, आणि खिंड आज-उद्या बंद होणार.

"सफदरला घ्या," कनीज म्हणाली. "तो बोलला तर पुढच्या वर्षी मी दोन टोपल्या नेईन."

आपोंनी सफदरकडे बघितलं.

"तो बोलला तर पुढच्या वर्षी ह्या गावात राहणार कोण आहे, पोरी?"

सफदर ह्यावर काहीच बोलला नाही. आपोंनी ते ध्यानात घेतलं.

बंदी

— आणि सफदर निघालाय! पाठीवर काळा नवरदेव, कमरेला कोळशाचा डबा, हातात काठी. पुढे दुसरी टोपली घेतलेला रझा. रझाची चाल बघा मंडळी, लग्नाला चाललाय की मयताला? —

हे सगळं डोक्यात. ओठ घट्ट मिटलेले.

— नवरदेव गळतोय! मानेवरून थेंब, थेंबामागून थेंब, सरळ पाठीच्या पन्हाळीत! —

रझानं मागे वळून हात हलवला: पट्टा सैल झालाय.

सफदरनं हात हलवला: ठीक आहे माझा.

रझानं हात हलवला: तुझा नाही रे, गाढवा, माझा.

सफदरनं चालता चालता त्याचा पट्टा आवळला. हसू दाबायला दात ओठांत रोवावे लागले. हसणं बोलण्यात धरतात का? विचारायचं राहूनच गेलं होतं. आता विचारणार कसं?

— चढ उभा. श्वास आखूड. वर्णनकाराचाही श्वास आखूड, मंडळी, आता

जरा

थांबून

थांबून —

मग डोक्यातलंही थांबलं. हे त्याच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. बुटांखाली खडे करकरत होते. काळ्या बर्फातून बारीक टकटक येत होती. वारा खिंडीतून खाली येताना आधी एका खडकाला घासत होता, मग दुसऱ्याला. एवढं सगळं चालू असतं आणि आपण त्यावर बोलत असतो, असं सफदरला वाटून गेलं. आणि हे कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, असंही लगेच वाटलं.

अजून बंदी

खिंडीच्या खांद्याशी ढग उतरला. क्षणभर फाटला, तेव्हा सफदरला पलीकडच्या उतारावर नवरीकडचे दिसले. सर्वांत पुढे मारफीच्या पोलो संघाचा कप्तान बशारत, मागे मुली, शेवटी लाल शालीत कनीज. ढगात त्यांची वाट चुकली होती. ते घळीकडे वळले होते. त्या घळीतून दुपारच्या उन्हानं सुटलेले दगड खाली येतात. उन्हाळ्यात तिथं शेळ्यासुद्धा जात नाहीत.

रझा पुढे निघून गेला होता. आपो वर गुहेपाशी. पाहणारा एकटा सफदर.

त्यानं दोन्ही हात हलवले. कुणी वर बघेना.

त्याचं तोंड उघडलं. "बशारत" हे नाव अगदी दातांपाशी आलं. ओरडलं तर नवरदेव गेला, नवरी गेली, गाव गेलं. नाही ओरडलं तर आशे.

ओरडायचं, हे ठरलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. त्यानं छाती भरून घेतली, आणि काठीवर आवळलेली मूठ नकळत कमरेच्या डब्यावर आपटली.

ढॅण.

पोलोत प्रत्येक नावाजलेल्या खेळाडूची स्वतःची धून असते. त्यानं गोल केला की सनईवाले आणि ढोलवाले ती वाजवतात. बशारतची धून सफदरला तोंडपाठ होती; किती वर्षं तो तिच्यावर ओरडून वर्णन करत आला होता. भरलेला श्वास त्यानं तसाच कोंडून धरला आणि काठी डब्यावर चालवली. दोन लांब, तीन झटपट, मग एक उडी. ढॅण, ढॅण, टकटकटक, ढॅण!

बशारत थबकला. मग सवयीनं, घोड्यावर असल्यासारखा, त्यानं गर्दीकडे बघून उजवा हात उंचावला.

आणि वर सफदर दिसला. सफदरची काठी: डावीकडे! डावीकडे, मूर्खा!

मुली वळल्या. लाल शाल सर्वांत शेवटी वळली. ती खडकाआड गेल्यावर थोड्या वेळानं घळीतून एक दगड आला, उड्या मारत, कुणालाही न भेटता खाली गेला.

सफदरनं श्वास सोडला. फक्त श्वास.

मुभा

काळा बर्फ, निळा बर्फ. कोळसा, भूस, नदीच्या पाण्यानं भरलेले भोपळ्याचे तुंबे. वर माती, वर दगड. आपो तकींनी शेवटचा दगड बसवला, हात झटकले आणि म्हणाले, "झालं."

सगळे एकदम बोलायला लागले. कुणाचं कुणाला ऐकू येईना.

"हे चालणार नाही!" मारफीचा एक दाढीवाला पुढे आला. "त्यानं डबा वाजवून हाक मारली. हाक म्हणजे बोलणंच."

"माझी धून वाजली," बशारत म्हणाला. "म्हणजे गोल माझा."

"तुझा कसला? घळीत निघाला होतास आम्हाला घेऊन!" कनीज कडाडली. मग तिनं सफदरचा कान धरला, सोडला, आणि त्याच्या ओल्या पाठीवर स्वतःची शाल टाकली.

सफदरचं लक्ष आपोंकडे होतं. बोलायची मुभा होती, तरी त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"तोंडातून शब्द गेला का?" आपोंनी विचारलं.

"नाही," रझा म्हणाला. "मी कान देऊनच होतो. पैज लावली होती."

"मग जमलं." आपो दाढीवाल्याकडे वळले. "ही बंदी कशापायी घातलीय, ठाऊक आहे? दोन गावं बोलायला लागली की पाण्यावरून भांडतात. भांडत भांडत एवढा चढ कुणाच्यानं चढवत नाही. आता बर्फ आत निजलाय. आता भांडा."

मग दाढीवाला घसा खाकरून म्हणाला, "विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. झऱ्याला पाणी वाढलं की पहिली पाळी मारफीची. नवरी आमची आहे."

"नवऱ्याच्या घरी पहिली पाळी सासरची!" कनीज म्हणाली.

"रात्रीचं पाणी आमचं!"

"रात्रीचं तुम्ही चोरताच, वेगळं कशाला मागता?"

दोन्ही गावं मिळून उतार उतरू लागली, अजून एक थेंबही नसलेल्या पाण्याच्या पाळ्या ठरवत. कुणाला शेवटची पाळी नको होती. कुणी गव्हाला आधी म्हणत होतं, कुणी जर्दाळूला. बशारतला तर त्याच पाण्यावर घोडे धुवायचे होते.

सफदरनं रिकामा डबा तोंडाशी धरला.

"आणि मंडळी, मारफीची मुसंडी! दाढी पुढे, आवाज त्याहून पुढे! पण चुंगोसकडून कनीज आडवी, लाल शाल नाही, शाल माझ्याकडेय, थंडीनं कुडकुडतेय पण एक पाळी सोडायला तयार नाही…"